खाड्याचा हिशेब: एका ऊसतोड कुटुंबातला क्षयरोग

डिसेंबर २०२२मध्ये कृष्णाकाठच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षयरोग नोंदवहीत एकाच आठवड्यात दोन नावे चढली. एक गावातल्या बागायतदाराच्या चोवीस वर्षांच्या मुलाचे. दुसरे, गावाबाहेरच्या अड्ड्यावर उतरलेल्या ऊसतोड टोळीतल्या एकोणतीस वर्षांच्या बाईचे. दोघांचा जंतू रिफॅम्पिसिन या क्षयरोगावरच्या मुख्य औषधाला दाद देणारा. औषधेही तीच, सहा महिन्यांची, सरकारी, मोफत. मुलगा दोन महिने घरी राहिला, घरच्या दुधा-अंड्यावर पाच किलोंनी सुधारला आणि जूनमध्ये उपचार संपवून मोकळा झाला. त्याच्याबद्दल आणखी लिहिण्यासारखे काही घडलेच नाही.

बाईचे मात्र तसे झाले नाही. तिला इथे सुनंदा म्हणते, नवऱ्याला दत्ता. नावे बदलली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी तेव्हा स्थलांतरित मजुरांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या एका छोट्या गटात होते. या प्रकरणातले काही निर्णय आमचे होते, आणि त्यातला एक चांगलाच चुकला.

पार्श्वभूमी

सुनंदा बीड जिल्ह्यातली. दोन एकर कोरडवाहू जमीन, तीही सासऱ्यांच्या नावावर. दसरा-दिवाळी झाली की टोळी ट्रकमधून पश्चिम महाराष्ट्रात उतरते आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परतते. मराठवाड्यातून आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसे दरवर्षी अशी निघतात. ऊसतोडीत मजूर एकेकटा मोजत नाहीत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम हंगामाआधी कोयत्याला उचल देतो आणि ती तोडलेल्या उसातून फिटत जाते.

या कोयत्याने ८०,००० रुपये उचल घेतली होती. त्या हंगामात तोडणीचा दर टनाला पावणेतीनशे रुपयांच्या आसपास होता. (पुढे जानेवारी २०२४मध्ये त्यात ३४ टक्के वाढ झाली.) दोघे मिळून दिवसाला साधारण दोन टन तोडायची, मोळ्या बांधायची, वाहनात भरायची. म्हणजे दोघांची दिवसाची मजुरी साडेपाचशेच्या आत. एकही दिवस न चुकता काम केले तरी उचल फिटायला १४६ दिवस लागतात, आणि हंगामच जेमतेम पाच महिन्यांचा. सुट्टीला जागाच नाही. घेतलीच तर खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड. त्या टोळीत खाड्याचा दर दिवसाला ५०० रुपये होता.

सोबत दोन मुले होती. अकरा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. मुलीची शाळा नोव्हेंबरमध्येच सुटली होती, कारण आई फडात असताना भावाला सांभाळायला दुसरे कोणी नव्हते. सासू गावी राहिलेली.

अडचण

खोकला ऑक्टोबरच्या शेवटापासून होता. संध्याकाळी कणकण, अंगातून जोर गेलेला. पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापणे, दिवसभर फड आणि रात्री-अपरात्री वाहन आले की भरणी, एवढे करणाऱ्या बाईला अशक्तपणा वाटला तर तो आजाराचा, असे कोणाच्या मनात येणार? तिच्याही आले नाही. जवळच्या बाजारपेठेतल्या खासगी डॉक्टरकडे ती तीनदा गेली. इंजेक्शन, खोकल्याचे औषध, एकदा सलाईन, एकदा छातीचा फोटो. खर्च ३,४००. थुंकी तपासायला कोणी सांगितले नाही. पैसे मुकादमाकडून घेतले आणि ते उचलीत चढले.

खासगी का, सरकारी का नाही, असे आम्ही विचारले होते. आरोग्य केंद्राची ओपीडी सकाळी आणि फडही सकाळीच. खासगी दवाखाना रात्री नऊपर्यंत उघडा. बाकी काही कारण नव्हते.

अड्ड्यावरच्या पाहणीत आशाताईंनी तिचा खोकला हेरला. थुंकीच्या ट्रूनॅट तपासणीत क्षयरोग निघाला. वजन ३६ किलो, उंची १५० सेंटिमीटर, म्हणजे बॉडी मास इंडेक्स १६. साडेअठराच्या खाली गेला की माणूस कुपोषित धरतात.

आम्ही तिला सांगितले की औषध मोफत आहे, काळजी करू नका. त्यावर ती म्हणाली, "गोळ्याला पैसं नाय लागत, ते समजलं ताई. पन गोळ्या आणाया आले की खाडा लागतो ना."

ती बसून राहिली तर कोयता अर्धा होतो. तिच्या वाट्याची पावणेतीनशेची मजुरी बुडते, वर ५०० खाडा. दवाखान्याचा एक दिवस साडेसातशेहून महाग. त्या वेळी निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला महिन्याला ५०० रुपये मिळत. (नोव्हेंबर २०२४पासून १,००० झाले.) म्हणजे सरकारने महिनाभराच्या खुराकासाठी दिलेली रक्कम मुकादमाच्या वहीत एका दिवसात संपत होती.

आणि तीही लगेच मिळणार नव्हती. खाते गावच्या बँकेत होते, वापर नसल्याने बंद पडलेले. रेशनकार्ड सासऱ्यांच्या नावाचे, त्यात सुनंदाचे नावच चढलेले नव्हते. माहेरच्या कार्डातून कधी कमी झाले हेही तिला माहीत नव्हते. रेशन आता कुठल्याही दुकानातून घेता येते हे खरे, पण कार्डावर नाव आणि नावाला आधार जोडलेले असेल तरच. ज्या काळात तिला धान्याची सर्वांत जास्त गरज होती, त्या काळात ती कुठल्याच दुकानाच्या यादीत नव्हती.

समोरचे पर्याय

वैद्यकीय अधिकारी, आशाताई, मी आणि दत्ता असे चौघे अड्ड्यावर बसलो. सुनंदा जरा बाजूला बसली होती आणि पहिली वीस मिनिटे तिला कोणीच काही विचारले नाही. हे मला नंतर फार लागले.

पहिला पर्याय गावी परत जाण्याचा. घर, सासू, ओळखीची आशा, सगळे तिथे. पण उचलीतले फार थोडे फिटले होते. मुकादम कोयता सोडायला तयार नव्हता, आणि सोडला असता तरी दत्ता एकटा राहिला असता.

दुसरा, औषध सुरू करून काम चालू ठेवणे. मजुरी बुडत नाही, खाडा लागत नाही. पण ३६ किलोची बाई, पहिल्या महिन्यातल्या मळमळ आणणाऱ्या गोळ्या, डोक्यावर मोळी, कधी पेटवलेल्या उसाचा धूर आणि रात्री चार माणसांची एक कोपी, म्हणजे छोटी झोपडी. डॉक्टरांना हे मुळीच मान्य नव्हते.

तिसरा, अड्ड्यावरच राहायचे पण कोयता काही दिवस खाली ठेवायचा. मुकादमाच्या संमतीशिवाय ते शक्य नव्हते. चौथा, रुग्णालयात भरती. तशी वैद्यकीय गरज नव्हती आणि मुले कोणाकडे ठेवायची हा प्रश्न होता, म्हणून तो लगेच सोडून दिला.

शेवटी सुनंदाला विचारले. तिला गावी जायचे होते. तिथे निदान सासू भाकरी करून घालेल, एवढेच तिचे म्हणणे. ते ऐकूनही आम्ही तिसरा पर्याय घेतला, कारण पहिल्याची किंमत कोण भरणार याचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते.

काय केले

मुकादमाशी बोलणे अपेक्षेपेक्षा सोपे गेले. तो पंचेचाळिशीचा, स्वतः दहा वर्षे कोयता चालवलेला माणूस. त्यानेही वाहतूकदाराकडून रक्कम उचललेली. कोयता पळाला की ती त्याच्या अंगावर येते. "मॅडम, मला बी वर जबाब द्यावा लागतो," तो म्हणाला. ते खोटे नव्हते. या साखळीत सर्वांत वरचा माणूस अड्ड्यावर कधी दिसत नाही. तीस दिवस खाडा लावणार नाही असे त्याने कबूल केले. अट एकच: दत्ताच्या जोडीला दुसरा माणूस हवा. गावाहून दत्ताचा पुतण्या आला.

१६ डिसेंबरला औषध सुरू झाले. वजनाच्या हिशेबाने रोज तीन गोळ्या. दर पंधरा दिवसांनी पुढच्या पंधरवड्याच्या गोळ्या आशाताई अड्ड्यावर पोचवायच्या, म्हणजे दवाखान्याची फेरी नको. ही गोष्ट चांगली झाली. वर्गणी काढून आम्ही महिन्याला एका माणसाचा शिधा सुरू केला: तूरडाळ, शेंगदाणे, अंडी, गूळ.

जानेवारीच्या मध्यावर टोळी रातोरात साठेक किलोमीटरवर हलवली. कारखान्याच्या तोडणीच्या नियोजनात असे होतच असते, आणि ऊसतोडीत थोडेही दिवस काढलेल्याला ते माहीत असते. आम्हालाही माहीत होते. तरी गोळ्या पंधरा दिवसांच्याच दिलेल्या, आणि त्यातल्या पाच दिवसांच्याच उरलेल्या. दत्ताच्या फोनचा रिचार्ज संपलेला. नव्या ठिकाणच्या क्षयरोग पथकाला तिचे नाव कळेपर्यंत नऊ दिवस औषध बंद पडले. ती सापडली तेव्हा फडात होती, कोयता हातात. तीस दिवस संपले होते आणि पुतण्या गावी गेला होता.

फेब्रुवारीच्या शेवटी थुंकी तपासली, जंतू दिसले नाहीत. पण वजन ३६.६. अडीच महिन्यांत सहाशे ग्रॅम.

कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. अंडी मुलांना जात होती, डाळ सगळ्यांच्या वरणात, शेंगदाणे नवऱ्याच्या डब्यात. ती सर्वांत शेवटी, उरले ते खात होती. मी फाइलमध्ये "आहाराबाबत समुपदेशन केले" असे लिहिले होते. ते वाक्य आज वाचवत नाही. चार माणसांच्या घरात एका माणसाचा शिधा देऊन तो तिने एकटीने, मुलांसमोर खावा, असे आम्ही एका आईला सांगत होतो.

मार्चपासून शिधा चौघांचा केला. एप्रिलअखेर वजन ३८.४ झाले.

इथे जरा विषयांतर करते. १९५९मध्ये मद्रासच्या क्षयरोग केंद्रातल्या अभ्यासाने दाखवून दिले की सॅनेटोरियममध्ये न ठेवता, गरिबाच्या घरी, निकृष्ट आहारावरही औषधाने रुग्ण बरा होतो. गरिबांसाठी हा फार मोठा निष्कर्ष होता, त्यानेच घरच्या घरी उपचाराचा मार्ग मोकळा केला. पण त्यातून सरकारी क्षयरोग कार्यक्रमात एक समज रुजला की गोळी पोचली म्हणजे काम झाले, अन्न हा दुय्यम प्रश्न. ऑगस्ट २०२३मध्ये झारखंडात क्षयरुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना शिधा देऊन केलेल्या 'रेशन्स' चाचणीचे निष्कर्ष आले. पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वजन वाढलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. आणि रुग्णाच्या घरच्या माणसांना तांदूळ-डाळ दिली तिथे त्यांच्यातला नवा क्षयरोग ३९ टक्क्यांनी घटला. सुनंदाच्या घरी आम्ही दोन महिन्यांनंतर, ठेच लागल्यावर, जे केले ते पहिल्या दिवसापासून का करायचे याचे उत्तर त्यात होते.

मुलीचे काय झाले

हे वेगळे लिहिते आहे, कारण या प्रकरणात आमची खरी चूक इथे झाली.

रुग्ण सापडला की घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची आणि आजार नसेल त्यांना प्रतिबंधक औषध द्यायचे. २०२१पासून हे सर्व वयांसाठी आहे. पण आधी अनेक वर्षे भर पाच वर्षांखालच्या मुलांवर होता आणि हाताला तीच सवय. चार वर्षांच्या मुलाचे वजन केले, तपासले, औषध सुरू केले. दत्ता आणि मुलीसाठी छातीचा फोटो हवा होता. त्यासाठी अठरा किलोमीटरवरचे ग्रामीण रुग्णालय, म्हणजे दत्ताचा खाडा. "हंगाम संपला की गावी काढू," तो म्हणाला. आम्ही मान डोलावली.

आम्ही अड्ड्यावर गेलो त्या दिवशी मुलगी भावाला घेऊन पाण्यावर गेली होती. "तिला काय नाय, चांगली हाय," असे आईने सांगितले आणि मी तिच्या नावापुढे "लक्षणे नाहीत" लिहिले. वजनकाटा हातात होता. अर्धा तास थांबले असते तर पोर आली असती.

मे महिन्यात गावी तिच्या मानेत गाठ आली. सासूने गंडमाळ ओळखली आणि लेप लावला. तीन आठवड्यांनी जिल्हा रुग्णालयात सुईने तपासले तेव्हा क्षयरोग ठरला. वजन २३ किलो. जूनच्या मध्यावर तिचे औषध सुरू झाले.

निष्पत्ती

सुनंदाचे उपचार जूनअखेर संपले. वजन ३९.५. नोंदवहीत 'बरी झाली' असा शेरा आहे आणि तो खरा आहे.

आता दुसरी वही. दत्तासोबत बसून आम्ही जुलैमध्ये हिशेब मांडला. निदानाआधीचा खासगी खर्च ३,४००. तपासण्यांच्या आणि आजारपणाच्या सहा दिवसांचा खाडा ३,०००. तिच्या वाट्याच्या ३६ दिवसांची बुडालेली मजुरी ९,७२०. प्रवास ९००. एकूण १७,०२०. मुलीच्या आजारात आणखी ४,१०० गेले. घराचे वर्षाचे उत्पन्न, ऊसतोड आणि शेती धरून, लाखाच्या आसपास. आजारापायी वार्षिक उत्पन्नाच्या २० टक्क्यांहून अधिक गेले तर जागतिक आरोग्य संघटना त्याला क्षयरोगाचा विनाशकारी खर्च म्हणते. एकही गोळी विकत न घेता हे घर ती रेषा ओलांडून गेले. पोषणाचे ३,००० मिळाले. पहिला हप्ता मार्चमध्ये आला, बँकेचे केवायसी झाल्यावर.

याशिवाय एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. पुतण्याला दिलेली १०,००० ची उचल मुकादमाने दत्ताच्या नावावर लिहिली होती. आम्ही घडवून आणलेल्या तीस दिवसांच्या विश्रांतीची किंमत त्यात होती. हंगामाअखेर २७,००० रुपये फिटायचे राहिले आणि पुढच्या हंगामाच्या उचलीतून कापले गेले.

वेगळे काय करता आले असते

तीस दिवसांची बोलणी तोंडी करायला नको होती. खाडा लागणार नाही एवढेच आम्ही विचारले. बदली माणसाची उचल कोणाच्या नावावर, हे विचारायचे सुचलेच नाही, कारण आमच्यापैकी कोणी कधी उचल घेतलेली नव्हती. दत्ताला ते त्याच दिवशी ठाऊक होते. त्याला वाटले आम्हालाही ठाऊक असणार.

गोळ्या दोन महिन्यांच्या द्यायला हव्या होत्या, आणि फोन नंबर तिघांचे घ्यायला हवे होते: दत्ताचा, मुकादमाच्या घरचा, गावच्या आशाचा. वजनकाटा आणि छातीचा फोटो माणसांपर्यंत जायला हवा, तोही रात्री सात ते नऊमध्ये. पुढच्या वर्षी वाहनावर बसवलेले एक्स-रे यंत्र दोन अड्ड्यांवर संध्याकाळी आले तेव्हा घरातला जवळपास प्रत्येक माणूस तपासून झाला. जागृती तीच होती, खाडा तेवढा नव्हता.

गावी पाठवण्याचा पर्याय आम्ही फार लवकर सोडला, असे मला आता वाटते. त्यासाठी सुमारे २०,००० रुपये लागले असते. ते उभे करणे अशक्य नव्हते. शेवटी तेवढे तिच्या घरातून गेलेच. रोग्याला कामावरून उठवायचे तर त्या काळातली मजुरी भरून देणे हा उपचाराचाच भाग मानायला हवा. बागायतदाराच्या मुलाला ती सोय घराने दिली. सुनंदाच्या घरात ती देण्याइतके काही नव्हते, आणि सरकारी कार्यक्रमात त्या सोयीला रकानाच नाही.

हा हिशेब फक्त क्षयरोगापुरता नाही. २०१९मध्ये विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी केली. ८२ हजारांहून अधिक बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीतल्या त्रासाने काम बुडते, काम बुडले की खाडा, ही भीती त्या बायकांच्या बोलण्यातही होती. डॉक्टरांवर अंकुश आणणारे नियम त्यानंतर आले, ते हवेच होते. खाड्याला मात्र कोणी हात लावला नाही.

२०२३च्या हंगामाआधी आम्ही त्या भागातल्या पाच मुकादमांशी बसलो. दवाखान्याचा दिवस खाड्यात धरायचा नाही, आशाची चिठ्ठी पुरे, असे वहीत लिहून घ्यायचा प्रयत्न केला. दोघांनी लिहिले. त्यातला एक सुनंदाचा मुकादम.

मुलगी त्या वर्षी टोळीबरोबर गेली नाही. औषध डिसेंबरपर्यंत चालणार होते, म्हणून ती आजीपाशी राहिली, हंगामी वसतिगृहात जेवली आणि सहावीच्या वर्गात बसली. गाठ विरली, वजन २८ झाले. जानेवारीत मी अड्ड्यावर गेले तेव्हा सुनंदा मोळ्या बांधत होती. लहान्याला आता कोण सांभाळते, असे मी विचारले. तिने मान वळवून ट्रॉलीकडे पाहिले. ट्रॉलीखालच्या सावलीत, चाकाला टेकून, तो उसाचे कांडे सोलत बसला होता.